नजर उणावल्यानंतरचा मधुमेह

मधुमेहावरच्या मराठी पुस्तकांत, दवाखान्यांतल्या भित्तिपत्रकांत आणि १४ नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या वृत्तपत्री पुरवण्यांत डोळ्यांविषयीचा मजकूर बहुतेक वेळा एकाच इशाऱ्यापाशी थांबतो. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, नाहीतर अंधत्व येईल. इशारा खराच आहे आणि तो देत राहिलेच पाहिजे. पण ज्याची नजर गेली त्याचा मधुमेह काही तिथे थांबत नाही. त्याच संध्याकाळी त्याला साखर मोजायची असते, इन्सुलिन टोचायचे असते, पायाला काही लागले तर नाही ना याची खात्री करायची असते. या कामांच्या छापील सूचना मात्र सगळ्या डोळसांसाठी लिहिलेल्या. मग घरात आपोआप एक वाटणी होते. रोग एकाचा आणि त्याचा कारभार दुसऱ्याचा. ही वाटणी अटळ आहे असे रुग्ण, नातेवाईक आणि पुष्कळदा डॉक्टरही धरून चालतात. उपलब्ध पुरावा पाहिला तर ते तसे नाही. मधुमेहाच्या रोजच्या कामांपैकी फार थोड्यांना डोळे खरोखर लागतात. बाकीच्यांना ते लागतात, कारण साधने तशी घडवली आहेत आणि दुसरी रीत शिकवायला कुणी नेमलेले नाही.

प्रश्न किती जणांचा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. सर्वांत वरचा आकडा गोव्याचा, २६.४ टक्के. डोळ्यांपुरते बोलायचे तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्मार्ट इंडिया' पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम दिसले आणि ४ टक्क्यांच्या बाबतीत ते नजरेला धोका पोचवण्याइतके होते. दोन पाहण्यांचे वयोगट वेगळे, त्यामुळे सरळ गुणाकार करता येत नाही. तरी संख्या लाखांत जाते, याबद्दल शंका नको. त्यातही ही नजर एकाच प्रकारे जात नाही. पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आली तर समोरचा चेहरा आणि अक्षरे पुसट होतात, पण चालताफिरताना फारसे अडत नाही. लेझर भरपूर झाले असेल तर वाचता येते, पण रात्रीचे आणि कडेचे दिसणे कमी होते. नव्याने फुटलेल्या नाजूक रक्तवाहिनीतून डोळ्यात रक्त उतरले तर एका सकाळी डोळ्यापुढे काळा पडदा येतो आणि काही आठवड्यांनी तो विरळही होतो. मोतीबिंदू मधुमेहींना लवकर होतो, पण त्याची नजर शस्त्रक्रियेने परत मिळते. रक्तातली साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरसुद्धा हलतो, म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. या चंचलपणाचा एक परिणाम वैद्यकीय नोंदीत येत नाही. माणूस वाट पाहत राहतो. पुढचे इंजेक्शन झाले की दिसेल, रक्त ओसरले की दिसेल, मग आता काठी कशाला आणि फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज कशाला? शिकायची वर्षे अशी वाट पाहण्यात जातात.

उपचारांची बाजू थोडक्यात सांगून पुढे जाता येईल, कारण तिच्याबद्दल वाद उरलेला नाही. टाइप १ मधुमेहावरच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात पडद्याचा विकार नव्याने उद्भवण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी घटली. १९९८ च्या ब्रिटिश चाचणीने टाइप २ मध्ये साखरेइतकेच रक्तदाबाचेही महत्त्व दाखवले. सत्तरच्या दशकातल्या लेझरच्या चाचणीत गंभीर दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि गेल्या दोन दशकांत डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांनी मध्यबिंदूच्या सुजेवरचे उपचार बदलून टाकले. इथे आपल्याला लागणारा मुद्दा वेगळा आहे. नजर गेली म्हणून या पुराव्याची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या बहुधा बरोबरच बिघडतात, तेव्हा डोळे गमावलेल्या माणसाची मूत्रपिंडेही धोक्यात असण्याचा संभव अधिक. शिवाय उरलेली थोडी नजर हेच त्याचे भांडवल असते. एक सावधगिरी मात्र हवी. फार दिवस चढलेली साखर एकदम खाली आणली तर पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाच्या २०१६ मधल्या चाचणीत पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्या गटात ३ टक्के आणि दुसऱ्या गटात १.८ टक्के आढळल्या. त्यावरून साखर चढीच बरी, असा अर्थ काढणे चूक ठरेल. डोळे तपासून घेऊन ती बेताबेताने उतरवायची, इतकेच त्यातून निघते.

आता साधनांकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. इन्सुलिनच्या बहुतेक पेनांच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठरलेले असते. अंध किंवा कमी दिसणाऱ्या व्यक्तीने हे पेन प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीशिवाय वापरू नये. ज्या रोगाने नजर जाते त्याच रोगाच्या साधनावर हे वाक्य छापायचे म्हणजे कमालच म्हणायची. वस्तुस्थिती अशी की पेनाची कळ फिरवताना दर युनिटला एक 'टिक' होते, ती कानाला ऐकू येते आणि बोटांना जाणवते. पुष्कळ अंध मधुमेही जगभर टिका मोजूनच डोस लावतात. त्यावर उत्पादक म्हणतात, टिकांवर विसंबू नका, आकडा पाहा. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण मोजताना लक्ष विचलित झाले तर चूक होईल आणि इन्सुलिनची चूक महागात पडते. पण त्याचे उत्तर पद्धतीत आहे. शंका आली की कळ शून्यावर आणून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. दोन प्रकारची इन्सुलिने असतील तर एका पेनाला रबरबँड कायमचा लावून ठेवायचा. गढूळ इन्सुलिन घुसळले गेले की नाही ते दिसणार नाही, म्हणून पेन तळहातांमध्ये ठरलेल्या वेळा फिरवायचे. सुईतून इन्सुलिन येते की नाही हे बोटावर थेंब घेऊन कळते. ३०० युनिटांच्या पेनातून रोज वीस युनिट आणि हवा काढायची दोन असा खर्च असेल तर ते तेरा दिवस पुरते, एवढा हिशेब फोनच्या गजरात घातला की रिकाम्या पेनाने टोचायचा धोका टळतो. हे सारे डॉक्टरांशी बोलून, त्यांच्या देखत सराव करून ठरवायचे. यातल्या एकाही पायरीला डोळे लागत नाहीत.

बाटली आणि सिरिंज वापरणाऱ्यांचे तसे नाही, आणि आपल्याकडे स्वस्तात पडतात म्हणून बाटल्या अजून भरपूर खपतात. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटांचे असते, पेनातले १०० चे. सिरिंजाही दोन जातीच्या. ४० च्या सिरिंजेचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजेचे नारिंगी. डोळसांचीही इथे गल्लत होते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजेत भरले तर अडीचपट डोस जातो आणि उलट केले तर निम्म्याहूनही कमी. रंग न दिसणाऱ्याला तर टोपणाची खूण असून नसल्यासारखी. दर युनिटला टिक देऊन बाटलीतून इन्सुलिन भरू देणारे एक साधे साधन अमेरिकेत वापरात आहे, पण ते तिथल्या १०० युनिटांच्या सिरिंजेसाठी बेतलेले. आपल्या ४० च्या बाटलीला त्याचा उपयोग नाही. म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याच्या वाट्याला स्पर्शाने न मोजता येणारे साधन येते, आणि आठवड्याच्या सिरिंजा कुणाकडून तरी भरवून फ्रिजमध्ये ठेवणे एवढाच मार्ग उरतो. नजर उणावलेल्या रुग्णाला सरकारी दवाखान्यातून बाटलीऐवजी पेन मिळावे, ही मागणी त्यामुळे चैनीची ठरत नाही. साखर मोजण्याचे चित्र यापेक्षा बरे आहे. बोलणारे ग्लुकोमीटर परदेशात पंधरा-वीस वर्षांपासून आहेत. फोनला जोडले जाणारे ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे सेन्सर आपल्याकडेही मिळतात आणि फोनचा वाचक आवाज मराठीही बोलतो. सेन्सर दोन आठवडे चालतो, रक्ताचा थेंब पट्टीवर नेमका ठेवायची कसरत संपवतो आणि साखर घसरू लागली की गजर देतो. त्याची किंमत मात्र दर पंधरवड्याला काही हजारांत जाते, आणि ॲप नव्या आवृत्तीत वाचक आवाजाशी जुळेलच याची हमी कुणी देत नाही.

पायांची गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण तिथे दोन इंद्रिये एकदम दगा देतात. मज्जातंतू बधिर झाल्याने पायाला टोचलेले कळत नाही आणि कळले नाही ते दिसतही नाही. आपल्याकडे घरात आणि देवळात अनवाणी वावरायचे, उन्हात तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालायची, यात भर पडते. मग पाय रोज दुसऱ्यानेच तपासावेत, असा सल्ला दिला जातो. अमेरिकेतल्या परिचारिका आणि संशोधक ॲन विल्यम्स यांनी या सल्ल्याला पर्याय मांडला तो स्पर्शाचा आणि वासाचा. बधिरपणा सर्वांत लांब तंतूंपासून, म्हणजे पावलांपासून सुरू होतो, हात बहुधा पुष्कळ नंतर. ज्याचे हात शाबूत आहेत त्याला पायावरचा फोड, भेग, सूज, वाढलेली ऊब, ओलसरपणा बोटांनी कळतो आणि चिघळलेल्या जखमेचा वास नाकाला कळतो. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा काढून टाकणे हे तर डोळसानेही करावे असे काम. लाली स्पर्शाने कळत नाही, हे खरे. म्हणून रोजचा हात आपला आणि आठवड्यातून एकदा घरच्या कुणाची नजर, अशी सांगड हवी. रोज दुसऱ्यावर सोपवलेली तपासणी चार दिवसांत बारगळते आणि जखम वाढते ती त्या मधल्या दिवसांत.

स्वयंपाक आणि आहार यांबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. आपली मापे मुळातच हाताची आहेत. वाटीभर भात, दोन भाकऱ्या, मूठभर शेंगदाणे यांना तराजूचा आकडा लागत नाही. साखर घसरली तर घ्यायचे पंधरा ग्रॅम ग्लुकोज पुडीत बांधून उशाशी आणि खिशात ठेवले की अंधारात चमचा शोधायची पाळी येत नाही. व्यायामात एक पथ्य महत्त्वाचे आहे. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतील तर शीर्षासन, सर्वांगासन, श्वास रोखून वजन उचलणे वर्ज्य. योगवर्गात डोळ्यांची चौकशी सहसा होत नाही, म्हणून हे रुग्णानेच सांगावे लागते. चालणे मात्र सोडू नये आणि त्यासाठी पांढरी काठी लागते. ती हातात घ्यायला माणसे फार उशीर करतात.

या सगळ्यावर आपल्या समाजातून येणारा पहिला आक्षेप असा की घरात माणसे आहेत, मग रुग्णाने हा खटाटोप कशाला करायचा? मुलगा इन्सुलिन देईल, सून पाय बघेल. कुटुंबाचा हा आधार खोटा नाही आणि तो नाकारण्यात शहाणपणही नाही. पण इन्सुलिन जेवणाच्या वेळेला बांधलेले असते आणि घरची माणसे लोकलच्या वेळेला. मुलगा सातला निघाला की रुग्णाचे जेवण आणि सुई दोन्ही त्याच्या सोयीने हलतात, आणि ते हलणे साखरेत उमटते. आणखी एक गोष्ट उघड असूनही बोलली जात नाही. पुरुषाची नजर गेली तर बायको त्याचा मधुमेह सांभाळते. नजर गेलेली व्यक्ती घरातली बाई असेल तर तिच्याकडून स्वयंपाक काढून घेतला जातो, पण तिची सुई वेळेवर कोण देणार हे ठरत नाही. मदत कुठे लागेल, कधी लागेल आणि कुणाची, हे रुग्णाने ठरवले तर ती मदत राहते. एरवी तिचा ताबा होतो.

दुसरा आक्षेप वैद्यकीय वेषात येतो. मधुमेह्यांची बोटे बधिर असतात, ती साठीची माणसे, ब्रेल कुठून शिकणार? बोटांबद्दलचे उत्तर वर आलेच आहे. सगळ्यांची बोटे बधिर नसतात आणि ज्यांची थोडी असतात त्यांच्यासाठी मोठ्या ठिपक्यांचे ब्रेलही असते. पण इथे ब्रेलवर अडून बसायचे कारणच नाही. मध्यमवयात नजर गेलेल्या बहुतेकांना पुस्तके वाचायची घाई नसते. औषधांच्या पट्ट्या ओळखणे, फोन वापरणे, रस्ता ओलांडणे ही त्यांची निकड असते. अंध मधुमेह्यांना शिकता येते याचा सर्वांत जुना पुरावा प्रयोगशाळेतला नाही. अमेरिकेतल्या 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' या संघटनेतल्या मधुमेह्यांनी 'व्हॉइस ऑफ द डायबेटिक' नावाचे नियतकालिक चालवले. टिका मोजण्यापासून डायलिसिसपर्यंतच्या युक्त्या त्यातून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्या. डॉक्टरांच्या पुस्तकांत त्या पुष्कळ उशिरा आल्या आणि काही अजून यायच्या आहेत.

मनाची बाजू वेगळी काढून चालत नाही. उदास माणूस साखर मोजत नाही. फिलाडेल्फियात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नजर उणावलेल्या वृद्धांना दोन गटांत घेतले होते. एका गटाला धीर देणारे बोलणे मिळाले. दुसऱ्याला दृष्टी-पुनर्वसनासोबत रोजचे काम पुन्हा हाती घ्यायला शिकवले गेले. चार महिन्यांनी पहिल्या गटात २३.४ टक्के जणांना नैराश्य आले होते, दुसऱ्यात १२.६ टक्के. हे रुग्ण वार्धक्यातल्या पडद्याच्या विकाराचे होते, मधुमेहाचे नव्हेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. धागा मात्र स्पष्ट आहे. सहानुभूतीपेक्षा हाती परत आलेले काम अधिक उपयोगी पडले. याच संदर्भात शार्ल बॉने लक्षणसमूह माहीत असावा. १७६० मध्ये स्विस निसर्गशास्त्रज्ञ बॉने याने आपल्या आजोबांच्या बाबतीत त्याचे वर्णन केले. नजर गेलेल्या काही माणसांना अस्तित्वात नसलेल्या आकृती, माणसे, वेलबुट्टी दिसते. मेंदूला डोळ्यांकडून मजकूर मिळेनासा झाला की तो स्वतःच चित्रे रचतो. बुद्धी शाबूत असते. आपल्याकडे अशी माणसे गप्प बसतात, कारण सांगितले तर घरचे वेड म्हणतील किंवा बाहेरची बाधा. डॉक्टरांनी आपणहून विचारले तर ती मोकळी होतात.

मग शिकवायचे कुणी? संस्था आपल्याकडे नवख्या नाहीत. मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (नॅब) आणि पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन या दोन्ही १९५२ सालच्या. पुण्याच्या संस्थेचे तर स्वतःचे देसाई नेत्ररुग्णालय आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत उपचार आणि पुनर्वसन एकाच छपराखाली चालते. अडते ते दुव्यावर. पडद्याचा तज्ज्ञ 'आता आणखी काही करता येणार नाही' असे सांगतो तिथे त्याचा कागद संपतो, पुनर्वसन केंद्राचा पत्ता त्यावर नसतो. मधुमेहतज्ज्ञाला काठी आणि वाचक आवाज यांविषयी माहिती नसते, तर अंधांच्या संस्थेतल्या शिक्षकाला इन्सुलिनविषयी. कायद्याची आखणीही जन्मांध किंवा पूर्ण अंध व्यक्ती डोळ्यापुढे ठेवून झाल्यासारखी वाटते. दिव्यांग प्रमाणपत्रावरचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. एक डोळा गेला आणि दुसरा धड असेल तर ३० टक्केच धरतात, मग त्या दुसऱ्या डोळ्याला दर महिन्याला इंजेक्शन का लागत असेना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विसाव्या कलमात मात्र या रुग्णांसाठी एक भक्कम तरतूद आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा खालच्या पदावर ढकलू शकत नाही. जमेल असे काम द्यावे लागते, नसेल तर जादा पद निर्माण करावे लागते. पन्नाशीत नजर उणावलेला शिक्षक किंवा कारकून हे माहीत नसल्यामुळे स्वतःहून राजीनामा देतो किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतो.

शेवटचा आक्षेप पैशांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. जिथे पडद्याची साधी तपासणीही सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही तिथे नजर गेलेल्यांवर खर्च करण्याआधी नजर वाचवण्यावर करावा, हे तर्काला धरून आहे. तपासणी स्वस्तही होते आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवरच्या कॅमेऱ्याने आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या संगणकीय प्रणालीने २१३ रुग्णांचे पडदे तपासले गेले. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले आणि पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण त्या प्रणालीच्या नजरेतून सुटला नव्हता. नमुना लहान असला तरी दिशा आशादायक आहे. पण अशी तपासणी वाढली की उशिरा सापडलेले रुग्णही वाढतात, आणि त्यांना सांगायला दवाखान्याकडे काही हवे की नको? या कामातला मोठा खर्च यंत्रांचा नाही, तो परिचारिकेच्या काही तासांचा आहे. इन्सुलिन सुरू करताना ती टोचायला शिकवतेच, त्यातला एक धडा डोळे मिटून देता येतो.

काही गोष्टींना तर नियमातला एखादा शब्दच पुरेल. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० मोठ्या औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. हेतू बनावट औषधे ओळखण्याचा होता, तरी औषधाचे नाव आणि मुदत त्यातून फोनला वाचून दाखवता येते. कोड खोक्याच्या कोणत्या बाजूला आहे हे बोटांना कळेल अशी उंचवट्याची खूण मात्र नियमात नाही. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने औषधाचे नाव वेष्टनावर ब्रेलमध्ये उमटवणे बंधनकारक केले आहे. तिकडे माल पाठवणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही ते पाळावे लागते. देशातल्या विक्रीसाठी त्यांच्यावर तसे बंधन नाही.